झाडात जीव आहे का, बघून सांगा

दिवाळीच्या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी अंकवाल्यांना आधीच बजावलं, की माझ्याकडं गोड काही नाही. ते म्हणाले, चालेल, फराळात चिवडाही असतो. म्हणून लिहितोय. तिखट लागलं तर मला बोल लावू नका.

मी गंगाराम. गाव राणीसावरगावच्या जवळचं. आमच्या घरात मेंढ्या-शेरडं पिढ्यान्‌पिढ्या. शेरडांना पाला लागतो आणि पाला झाडावर असतो, म्हणून आमच्यातलं पोरगं चालायला लागलं की चढायलाही लागतं. पुढं शेरडं भावाच्या वाटणीला गेली आणि माझ्याकडं कुऱ्हाड नि दोर राहिला. गंगाखेड, पाथरी, परभणी, जिथून निरोप येईल तिथं जायचं आणि लोकांच्या परसातली झाडं छाटायची, हे काम मी धरलं. पत्र्यावर वाकलेली फांदी, विजेच्या तारेत घुसलेला शेंडा, शेजाऱ्याच्या अंगणात पाला टाकून भांडण लावणारा लिंब, असली कामं. आमच्याकडं कडूलिंबाला नुसतं लिंब म्हणतात, हे बाहेरच्यांनी ध्यानात ठेवावं. आता ते काम मी सोडलंय. का सोडलं, ते पुढं येईल.

छाटणाऱ्याला झाडाच्या तब्येतीशी काय करायचंय, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरला नाडी कळली नाही तर रोगी जातो. आम्हाला कळली नाही तर आम्ही जातो. माझा चुलता असाच गेला. चिंचेची फांदी वरून हिरवीगार आणि आतून नुसता भुसा. चुलता खाली आला आणि त्याच्या मागोमाग फांदीही आली. माझ्या बापानं त्या फांदीचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

"गंग्या," तो म्हणाला, "हिरवं दिसायलंय म्हनून चढायचं न्हाई. आदी इचारायचं."

विचारायचं म्हणजे काय, ते सांगतो. झाडाजवळ एकदम जायचं नाही. लांब उभं राहून आधी शेंडा बघायचा. खालून गच्च हिरवं आणि शेंड्याला काटक्या उघड्या पडल्या असतील, तर दुखणं मुळात आहे. मग जवळ जायचं आणि कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची मागची बोथट बाजू, बुंध्यावर ठोकायची. बायका बाजारात माठ घेताना बोटानं वाजवतात, तसंच हे. भरलेल्या लाकडाचा आवाज टणक येतो, हाताला झिणझिण्या येतात. पोकळ असलं तर आवाज आत जाऊन बसतो. मग एक बारकी फांदी धरायची आणि अंगठ्याच्या नखानं साल खरडायची. खाली हिरवं, ओलं लागलं तर त्या फांदीत जीव आहे. तपकिरी लागलं तर आणखी मागं यायचं, बुंध्याकडं, आणि पुन्हा खरडायचं. जिथं हिरवं लागेल तिथपर्यंत झाड जिवंत.

शेवटी बुडाशी बसायचं. मातीवर लाकडाचा बारीक भुसा पडला असेल तर वर कुठंतरी अळीचं भोक आहे. माती हातात घेऊन वास घ्यायचा. आंबूस आला तर मोरीचं पाणी मुरतंय. केळीला ते मानवतं, लिंबोणीला नाही. बुंध्याला जमिनीलगत भुईछत्रीसारखी बुरशी उगवली असली, तर पुढचं काही बघायचंच नाही. पानं कितीही हिरवी असोत, ते झाड आतून गेलेलं असतं.

यातलं सगळंच खरं आहे असा माझा दावा नाही. आमच्या रीतीत निम्मं पारखलेलं आणि निम्मं ऐकीव. न फळणाऱ्या झाडाला खिळा ठोकावा म्हणतात. मी कित्येक झाडांचे खिळे उपटलेत, आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं बघितलंय. खोडावर उदई, म्हणजे वाळवी, दिसली की लोक बोंब मारतात, की झाड खाल्लं. ती बहुतेकदा वरची मेलेली सालच खात असते. बिचारी झाडलोट करते आणि मार खाते.

सुरुवातीला लोक मला छाटायला बोलवत आणि जाता जाता विचारत, "मामा, ते कोपऱ्यातलं जांबाचं झाड कामून सुकायलंय, बगा की." पुढं नुसतं बघायलाच बोलवायला लागले. तेव्हा मला त्याचा फार ताठा होता, खोटं कशाला बोलू. गल्लीत शिरलो की बायका म्हणायच्या, झाडं बघनारे मामा आले. मी मान ताठ करून चालायचो.

परभणीत एक निवृत्त कारकून होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या परसात जांबाचं झाड होतं. जांब म्हणजे तुमचा पेरू. भाऊसाहेब मला म्हणाले, "गंगाराम, हे झाड माझ्यावर रुसलंय. मी रोज त्याच्याशी बोलतो, तरी पान टाकायलंय." त्यांनी खरंच झाडासमोर खुर्ची मांडली होती. मी बुडाशी बसलो तर पांढऱ्या भुशाचा छोटा ढीग. सायकलच्या चाकाची एक तार मागवली, तिचं टोक वाकवलं आणि खोडातल्या भोकात हळूहळू फिरवत गेलो. शेवटी करंगळीएवढी जाड अळी बाहेर आली. भाऊसाहेबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी ती अळी टाकू दिली नाही. काचेच्या बरणीत घातली आणि आत जाऊन बाईसाहेबांना म्हणाले, "हे बघ, हीच आमच्यात भांडण लावत होती." बरणी लोणच्याची निघाली. त्या दिवशी भाऊसाहेब परसातच जेवले.

भोकात रॉकेलचा बोळा कोंबून मी वरून चिखलानं लिंपलं, आणि झाड सावरलं. भाऊसाहेब होते तोवर दर वर्षी माझ्यासाठी एक पिशवी जांब राखून ठेवत. ते गेले. मुलं पुण्याला होती, जागा विकली गेली. परवा त्या बाजूनं गेलो तर तीन मजली इमारत उभी होती आणि खाली गाड्या लावायला जागा. झाडाची जागा कुठली हेही मला सांगता येईना. मी वाचवलेल्या झाडांची गत बहुतेक अशीच झाली. रोगानं गेलं नाही ते बांधकामानं गेलं.

झाड सगळ्यात जास्त फसवतं ते बहरात. मरायला टेकलेलं झाड कधी कधी शेवटचं असं काही फळतं, की घरचे लोक नारळ फोडतात. राणीसावरगावात पारूबाईंच्या परसात कवठाचं झाड होतं. एका वर्षी ते इतकं लागलं की फांद्या बांबूंचे टेकू देऊन सावरल्या. शिवरात्र जवळ आलेली, पारूबाई आख्ख्या गल्लीला कवठं वाटत होत्या. मला दोन कवठं देऊन म्हणाल्या, "मामा, बगा कसं लाडात आलंय." मी बुडाशी बघितलं. बुंध्याला चारी बाजूंनी बुरशीचे कान फुटलेले. कवठं हातात धरून मला ते सांगावं लागलं. मी म्हणालो, "पारूबाई, ह्याच्या बिया जपून ठेवा, नवं रोप लावा. हे आता जायलंय."

त्यांचा नवरा ताडकन उठला. "चांगल्या घरात येऊन असलं बोलायचं? तुमाला काय, कुऱ्हाड चालवायला पायजे!"

पुढच्या साली झाड वाळलं. माझं खरं ठरलं, पण त्याचं श्रेय मला मिळालं ते वेगळ्याच तऱ्हेनं. "त्याच्या तोंडानं वाळलं," असं पारूबाईंचा नवरा पारावर सांगत फिरला. काही घरांत मला बोलावणं बंद झालं. एका कृषी पदवीधर पोरानं मला नीट समजावलं होतं, की असा बहर कधी नुसत्या हवामानानंही येतो, दर वेळी मरणाचाच नसतो. त्याचं खरं होतं. मग मी बहर बघून बोलणं सोडलं. पण बुरशी बघून गप्प कसं बसायचं?

खरं संकट आलं ते गट्टूंबरोबर. सिमेंटचे ठोकळे अंगणात बसवतात, त्याला आमच्याकडं गट्टू म्हणतात. आधी रस्त्यावर आले, मग दारात, मग परसात. घरातल्या बाईला झाडायला सोपं जातं, चिखल होत नाही, साप-विंचू दिसतो. त्यांचं काही चुकतं असं मला म्हणता येत नाही. पण गट्टू बुंध्याला चिकटवून बसवतात. वरून पाणी जात नाही, आणि खालचं पाणी बोअरनं कुठल्या कुठं नेलेलं. चार-पाच उन्हाळ्यांत झाड शेंड्याकडून उघडं पडायला लागतं. मग मला बोलावणं. मी लांबूनच बघतो, जवळ जाऊन ठोकतो, साल खरडतो, माती हुंगायला वाकतो तर माती कुठं आहे? मी सांगायचो, बुंध्याभोवती खाटेएवढ्या जागेतले गट्टू काढा, आळं करा. लोक गट्टूंकडं बघत आणि मग माझ्याकडं बघत. "दुसरं काही औशद न्हाई का, मामा?" दुसरं नव्हतं. माझं सगळं आयुष्य रोग ओळखण्यात गेलं आणि इलाज माझ्या हातातून निघून गेला. निदान सांगायचं आणि चहा पिऊन परत यायचं, एवढंच काम उरलं.

अलीकडं तर फोनवर फोटो यायचे. "मामा, पान पिवळं पडलंय, बगा आनि सांगा." आता फोटोला तुंबा कसा ठोकायचा? एकदा एकानं तर झाड ठोकल्याचा आवाज भरून पाठवला. ऐकला. मागं कुकरच्या शिट्ट्या आणि दूरदर्शनची मालिका. मी त्याला कळवलं, झाडाचं माहीत नाही पण भात झालाय.

हसण्यावारी नेलं तरी मला दिसत होतं, की लोक आता मला वेगळ्याच कामासाठी बोलवायला लागलेत. आमच्या भागात जुन्या माणसांची एक रीत आहे. परसातल्या जित्या झाडाला कुऱ्हाड लावू नये. फांद्या छाटा, पाला काढा, पण बुडातून तोडायचं ते वाळल्यावरच. आणि वाळलं की नाही ते घरच्यानं ठरवायचं नाही, कारण घरच्याला जागेचा मोह असतो. बाहेरच्या जाणत्या माणसानं बघून सांगायचं, की यातला जीव गेलाय. मग नारळ ठेवायचा, पाणी घालायचं आणि तोडायचं. माझ्या बापानंही हे सांगायचं काम केलेलं. त्याच्या काळी तसं सांगायची पाळी क्वचित यायची. माझ्या कामाच्या शेवटच्या वर्षांत तेवढंच उरलं. पोरांना खोली बांधायची असते, गाडी लावायची असते, आणि घरात एखादी म्हातारी झाडाला हात लावू देत नसते. पोरं मला गाडीवर बसवून न्यायची आणि वाटेत सांगायची, "मामा, आतून पोकळच असंल बगा ते."

पाथरीची सरूआक्का ही असलीच एक. तिच्यामुळं मी काम सोडलं.

आक्का ऐंशीच्या पुढची. तिच्या परसात शेप्या आंबा होता. आंब्याला शेपूचा वास येतो म्हणून शेप्या. रस काढला की घरातली लहान पोरं नाक मुरडतात आणि म्हातारी माणसं दोन वाट्या जास्त घेतात. मी त्या झाडावर कैक वर्षं चढलो होतो. पत्र्यावरच्या फांद्या काढायला दर उन्हाळ्याआधी आक्काचा निरोप यायचा. मी वर असेपर्यंत ती खाली ओट्यावर बसून मला शिव्या द्यायची. "ती फांदी न्हाई रं मुडद्या, ती फळती! पल्याडची काढ!" मी वरून म्हणायचो, "आक्का, मग तुमीच या वर." ती म्हणायची, "आले आसते, लुगडं आडवं येतंय."

तिचा मुलगा दिगंबर. पाथरीतच त्याचं पाइप, रंग, खिळे-मोळे असं सामानाचं दुकान. माणूस वाईट नव्हे. आईची औषधं वेळेवर आणणारा, तिला दवाखान्यात हाताला धरून नेणारा. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी एकच सांगितलं, की पोरीला न्हाणीघरासकट वेगळी खोली हवी. घर दोन खोल्यांचं. मोकळी जागा फक्त परसात, आणि परसाच्या मधोमध शेप्या.

उन्हाळ्यात दिगंबर मला आणायला आला. आम्ही पोचलो तेव्हा आक्का ओट्यावरच होती. तिनं माझ्यासमोर त्याला पुन्हा सांगितलं, आणि मलाही.

"ह्या झाडाच्या बुडाला माजी तीन लेकरं हायती. दोन जगली न्हाईत, ती तितंच ठिवली. आनि ह्याची," तिनं दिगंबरकडं बोट केलं, "ह्याची वार तितंच पुरली. जित्या झाडाला मी कुऱ्हाड लावू द्यायची न्हाई. गंगाराम बगंल. त्यानं म्हनलं जीव गेलाय, तर खुशाल तोडा. मी आडवी यायची न्हाई."

वार म्हणजे बाळंतपणात बाळामागून येते ती. ती परसात पुरायची पद्धत होती. दिगंबर खाली बघत होता.

मी शेंडा बघितला. कोवळी तांबूस पालवी, खाली कैऱ्यांचे घोस. बुंधा ठोकला. पश्चिमेच्या अंगाला ढोली होती, तिथं आवाज बसका आला. पण तीन बाजूंनी लाकूड खणखणीत. साल खरडली तर नख ओलं झालं. बुडाशी बुरशी नाही, भुसा नाही. अशा झाडाला मेलं कसं म्हणायचं? मी म्हणालो, "आक्का, एका अंगाला पोकळ हाय. पन हे झाड तुमच्या-माज्या मागं ऱ्हाईल."

आक्का हसली. तिला खालचे दोनच दात उरले होते. "बग," ती दिगंबरला म्हणाली.

दिगंबर मला स्टँडवर सोडायला आला आणि हॉटेलात चहाला बसला. मग म्हणाला, "मामा, तुमच्या एका शब्दावर माज्या पोराचं लगीन हाय. आई दुसऱ्या कुनाचं ऐकत न्हाई. ढोली हाय म्हनता नं तुमी? मग तेवढंच सांगायचं. उद्या पत्र्यावर पडलं तर?"

मी म्हणालो, "पडायचं न्हाई. मी पूर्वेच्या फांद्या कमी करतो, वजन उतरवतो. तुमी खोली जरा सरकवून बांदा, बुंधा भिंतीच्या बाहेर ऱ्हाईल. मी मिस्त्रीशी बोलतो."

"सरकवायला जागा कुटं हाय?" तो म्हणाला. "न्हानीघर बसत न्हाई."

मी पुष्कळ सांगितलं. बोटानं टेबलावर नकाशाही काढला. तो मान हलवत राहिला, आणि मला वाटलं पटलं. बसमध्ये बसताना त्यानं माझी पिशवी वर ठेवून दिली. मी खुशीत घरी आलो. बायकोला म्हणालो, आज एक झाड वाचवलं.

श्रावणात पुन्हा दिगंबरचा फोन आला. "मामा, आंबा वाळलाय. आईनं तुमाला बोलवलंय."

मी गल्लीच्या तोंडाशी आलो. घरांच्या पत्र्यांवरून शेप्याचा माथा दिसत होता. आख्खं झाड तपकिरी, आणि पानं सगळीच्या सगळी जागेवर. इथं बाहेरच्या माणसांना एक गोष्ट सांगायला हवी. झाड आपल्या मरणानं मरतं तेव्हा ते हळूहळू पानं सोडतं. आधी एक फांदी, मग दुसरी. पान गाळायलासुद्धा झाडात थोडा जीव लागतो. जे झाड एकाएकी मारलं जातं, त्याला तेवढी सवड मिळत नाही. पानं जागच्या जागी वाळतात आणि लटकत राहतात. वाऱ्यानं आवाज करतात पण गळत नाहीत. एखादा रोगही झाडाला असं झटक्यात नेतो, ते मला माहीत होतं. चालता चालता मी मनात तोच रोग धरून ठेवला.

आक्का ओट्यावर बसली होती. मला शिवी दिली नाही. "बग बाबा," एवढंच म्हणाली. दिगंबर, त्याची बायको, लग्नाचा मुलगा, सगळे परसाच्या दारात उभे होते. मिस्त्रीनं विटा आणून ठेवलेल्या.

मी नेहमीसारखं सगळं केलं. बारकी फांदी खरडली, तपकिरी. मागं आलो, जाड फांदी खरडली, तपकिरी. बुंधा खरडला. नख कोरडंच राहिलं. बुडाशी बसलो. जमिनीपासून वीतभर वर बुंध्याला गोल फिरून पिवळी माती लिंपलेली होती, आणि ती मी लिंपलेली नव्हती. नखानं टोकरली. मातीखाली पांढरं लागलं. भिंतीचं भोक बुजवायची पुट्टी. ती उकरली तर आत सरळ, गुळगुळीत भोक. अळीचं भोक असं सरळ नसतं. भोकाशी नाक नेलं आणि तणनाशकाचा वास आला. त्याच्या शेजारी आणखी एक भोक, पुढं आणखी. मी मोजली नाहीत.

मला खूप राग आला, हे लिहायला मला लाज नाही. उठावं आणि दारात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. ज्याच्या दुकानात भोक पाडायचं यंत्र आहे, पुट्टी आहे, त्याला दुसऱ्या कुणाला विचारायचीही गरज पडली नाही. आणि मी शहाणा, त्याला टेबलावर नकाशे काढून दाखवत होतो!

मी उठणार, तेवढ्यात काठीचा आवाज आला. आक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती, अशी की दाराकडून माझं तोंड कुणाला दिसू नये. ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "पुट्टी हाय नव्हं?"

मी मान हलवली.

"मी आत खाटंवर पडले हुते. मशीनचा आवाज आला. मला वाटलं भितीला भोकं पाडायलाय. भाईर आले तर ह्यो हात धुवायलाय."

"आक्का, मग तवाच बोलायचं की!" माझा आवाज चढत होता. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खालीच बसवलं.

"बोलून काय झालं आस्तं? भोकात गेलेलं भाईर आलं आस्तं का?" ती म्हणाली. "गंगाराम, मला ह्याच घरात ऱ्हायाचंय. ह्याच्याच हातचं पानी प्यायचंय. मला ठावं हाय आसं त्याला कळलं, तर तो माज्या म्होरं यायचा न्हाई. मग माजं कोन हाय?" ती आणखी खाली वाकली. "तू मोठ्यानं सांग. आपल्या मरनानं गेलं म्हून सांग."

"आक्का, मी असं कदी सांगितलं न्हाई."

"ठावं हाय. म्हनून तर तुला बोलवलं. तू सांगितलंस तर त्याला खरं वाटंल, की म्हातारीला काई कळलं न्हाई."

मी पुट्टीवर पुन्हा माती लावली. अंगठ्यानं दाबून सारखी केली. माझ्या बापानं शिकवलेलं सगळं त्या अंगठ्यात होतं, आणि तो अंगठा भोकं बुजवत होता. मग उभा राहिलो आणि परसाच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "जीव गेलाय. आपल्या मरनानं गेला."

दिगंबरनं डोळे मिटले आणि उघडले. मला त्याची कीव आली, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तो आईजवळ आला. "आई, मग...?"

"गंगारामनं सांगितलं नव्हं," ती म्हणाली. "तोडा."

सूनबाईनं नारळ आणला, तांब्यानं बुडाशी पाणी घातलं. मिस्त्री विटा मोजायला लागला. दिगंबर मला म्हणाला, "मामा, लय उपकार झाले."

दुपारचं ऊन परसात आलं होतं. पानं गळली नव्हती, त्यामुळं शेप्याची सावली होती तेवढीच, होती तिथंच पडली होती. आक्कानं सूनबाईकडून बसकर मागून घेतलं, त्या सावलीत टाकलं आणि काठी बाजूला ठेवून हळूहळू खाली बसली. "गंगाराम, बस," ती म्हणाली. "सूनबाई, च्या हितंच आना."

मी तिच्याशेजारी बसलो. वर वाळकी पानं खडखडत होती. दिगंबर पाठमोरा उभा राहून झाड कापायच्या यंत्रवाल्याला फोन लावत होता, आणि आक्का त्याला ओरडून सांगत होती, "उद्या सकाळी ये म्हनावं. आज नगं."